इनासकाकांची अक्षरं

१ नोव्हेंबर, शनिवार

ॲरॉन म्हणाला, "डॅड, कॉम्प्युटर कधी हँग होतो, काय करताना होतो, एक वीक लिहून ठेवा. देन आय विल सी." मुलगा लॉजिस्टिक्स कंपनीच्या आयटीत लागून वर्ष झालं नाही, तर बापाला होमवर्क द्यायला लागला. ठीक आहे, लिहितो. गालिचे धुणाऱ्या कंपनीने माझ्या नोकरीच्या हॉटेलात वाटलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली आहे.

तर नोंद. सकाळी बटण दाबलं. चहा केला, प्यायलो, बायकोशी, मिल्ड्रेडशी, पाण्याच्या बाटल्या कुणी मागवायच्या यावरून थोडं भांडलो. परत आलो तर पडद्यावरचं ते चाक अजून फिरतंच आहे. मग वर्ड उघडायला सांगितलं आणि दाढी करून आलो.

घाई कशाची ते पण लिहितो, म्हणजे ॲरॉनला कळेल की बाप उगाच किरकिर करत नाही. इथे आखातात आमच्या चर्चमध्ये नाताळला मल्याळम, तमिळ, कोकणी, तागालोग, अरबी, सगळ्या भाषांत मिस्सेची उपासना होते. मराठीला महिन्यातला एक शुक्रवार मिळतो, पण नाताळला कधीच काही नाही. वसईहून आलेले आम्ही लोक दरवर्षी अर्ज करतो आणि दरवर्षी फादर गोड हसतात. ह्या वर्षी "हो" म्हणाले. पंचवीस तारखेला, दुपारी, हॉलमध्ये. अट एकच आहे. पूर्ण मिस्सेची पुस्तिका, प्रार्थना, वाचनं, गीतं सगळं धरून, बारा डिसेंबरच्या शुक्रवारपर्यंत चर्चच्या पॅरिश ऑफिसात पोचली पाहिजे. नाही पोचली तर ती वेळ दुसऱ्या भाषेला. रांगेत पुष्कळ उभे आहेत.

पुस्तिका मी ऑगस्टपासून टाइप करतोय. गाणाऱ्यांची क्वायर माझी, जबाबदारी माझी. अर्ध्या प्रार्थना तर मी स्वतः इंग्लिशवरून मराठीत आणल्या, थेट कॉम्प्युटरवर, कागद न वापरता. टोनर महाग म्हणून अजून एक पान छापलेलं नाही. सगळं झालं की एकदाच छापणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

मरीनाहून मेट्रोत उभ्याने आलो. पाय गेले कामातून. हॉटेलात आज चादरींच्या सप्लायरशी वाजलं.

कॉम्प्युटर: प्रिंटरचं नाव घेतलं की हँग. "सेव्ह" म्हटलं की हँग. मिल्ड्रेड म्हणाली, "तू ओरडलास की पण हँग होतो." हे ॲरॉनने लिहून ठेवायला सांगितलं नव्हतं, तरी लिहिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रॅक्टिस. क्वायरमध्ये आम्ही चौदा जण, त्यातले बारा पन्नाशीच्या पुढचे. हेझल डाबरे आली होती. एकोणीस वर्षांची, इथेच जन्मलेली, आवाज चांगला आहे. म्हणते, "अंकल, वर्ड्स इंग्लिश लेटर्समध्ये देऊ शकता का? आम्ही बरेच जण येऊ. वी जस्ट कान्ट रीड धिस."

दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. माझं उत्तरही दरवर्षीचंच. मराठी मराठीतच लिहायची. इंग्लिश अक्षरांत एकदा शिरली की नाताळचं नाताल होतं आणि बाळाचं बाल. शिकायचं असेल तर अक्षरं शिका. हेझल "ओके अंकल" म्हणाली आणि कोपऱ्यात जाऊन मोबाइल बघत बसली. ह्या पोरांना कशाची पडलेली नाही. आम्ही मेलो की इथली मराठी मिस्सा पण मेली.

घरी आल्यावर ॲरॉनला सांगितलं.  तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण उघडून टॉर्च मारत बसला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

निदान झालं. म्हणे हार्ड डिस्क म्हातारी झाली. आत तबकडी फिरते, ती दमलीय. तिच्या जागी एसएसडी टाकायची, तिच्यात फिरणारं काही नसतं. आणि विंडोज पण जुनी झालीय, ती कोरी नव्याने टाकायची. खर्च एकशे ऐंशी दिरहम, म्हणजे चार हजार तीनशे रुपये.

मी म्हटलं, "पुस्तिका झाल्यावर बघू." तो म्हणाला, "डॅड, ही डिस्क ट्वेल्थ डिसेंबरपर्यंत जगेल याची गॅरंटी नाही. आवाज ऐका." कान लावला. आत कुणीतरी टकटक करत होतं. मग काय करता, हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज ऑपरेशन. डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरून कॅबिनेट आडवं केलं. आतून एवढी धूळ निघाली की मिल्ड्रेड दुपट्टा नाकाला लावून बाल्कनीत गेली. आमच्या अल मनखूल वस्तीची सात वर्षांची वाळू त्यात जमली होती. ॲरॉनने ब्रशने सगळं साफ केलं, दोन वायरी काढल्या, चार स्क्रू काढले आणि जुनी डिस्क माझ्या हातात ठेवली. चांगली जड होती. नवीन डिस्क हातात घेतली तर आत काही नसल्यासारखी. म्हटलं, ह्या खोक्यात माझी पुस्तिका मावणार? तो हसला.

सगळं काढण्याआधी त्याने तीनदा विचारलं होतं, "डॅड, डॉक्युमेंट्स, फोटोज, डेस्कटॉप मी कॉपी केलंय. अजून काही? एखादं सॉफ्टवेअर? काही इन्स्टॉल केलेलं?" मी तिन्ही वेळा सांगितलं, "माझं सगळं डॉक्युमेंट्समध्ये आहे. बाकी तुझं तू बघ."

मग पेनड्राइव्हवरून विंडोज चढवली. नाव विचारलं, देश विचारला, वेळ विचारली. लग्नाच्या वेळी आमच्या फादरांनीही एवढं विचारलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत झालं. बटण दाबलं आणि मी सवयीने चहाला उठलो, तर ॲरॉन म्हणाला, "बसा डॅड. झालं."

झालं होतं. मला आनंद झाला, पण दाखवला नाही. पोरगं लगेच डोक्यावर बसतं.

फोल्डर पाहिले. फायलींची नावं सगळी जागेवर. "नाताळ मिस्सा फायनल" पण होती. उघडली नाही, जेवण वाढलं होतं. जुनी डिस्क ॲरॉनने टीव्हीच्या कपाटावर ठेवली. म्हणाला, "वन मंथ ठेवू, जस्ट इन केस."

१७ नोव्हेंबर, सोमवार

हॉटेलात अर्सलान भेटला, आमच्या आयटीचा. त्याला सगळं कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "पुरानी डिस्क घर में रखी है? हबीबी, आप खुद परचेस में हो. यहाँ हम क्या करते हैं?"

खरंच की. हॉटेलातल्या जुन्या डिस्क भोकं पाडल्याशिवाय बाहेर जात नाहीत. त्या कागदावर सही माझी असते, इतकी वर्षं करतोय. आणि घरी आमचे पासपोर्ट, मिल्ड्रेडचे रिपोर्ट, बँकेचं सगळं त्या डिस्कवर, आणि ती टीव्हीच्या कपाटावर ठेवून मी निवांत झोपतो! उद्या कुणी उचलली तर?

घरी आलो. ॲरॉन ड्यूटीवर. ड्रिल मशीन नाही. मिल्ड्रेडचा लोखंडी बत्ता होता. बाल्कनीत गोणपाट घालून डिस्क ठेवली आणि नियमाप्रमाणे काम केलं. वरचं झाकण जाम चिवट होतं. आतली तबकडी आरशासारखी चकचकीत. ती वाकली, मग तडकली. खालच्या मजल्यावरच्या सुरैय्याने वर बघून विचारलं, "भाईसाब, सब ठीक?" म्हटलं, "सब ठीक."

मिल्ड्रेड बत्ता पाहून भडकली. म्हणाली, आता मसाला कशाने कुटू, तुझ्या डोक्याने? पण मला बरं वाटत होतं. काम नीट केल्यासारखं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तिका उघडली.

मराठी गेली. पान आहे, ओळी आहेत, ओळींची लांबी तेवढीच आहे, पण अक्षरं सगळी इंग्लिश. शब्द नाहीत, नुसता कचरा. एन, एस, ओ, मग तिरकी रेघ, कंस, डॉलरची खूण. दुसरी फाइल उघडली, तिसरी उघडली. भक्तिगीतं, प्रार्थना, सात वर्षांचं सगळं तसंच. 

ॲरॉनला फोन लावला आणि नको नको ते बोललो. व्हायरस घातलास, घाई केलीस, म्हातारी डिस्क काय वाईट होती. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "डॅड, मराठीसाठी तुम्ही वेगळा फॉन्ट टाकला होता का?"

"फॉन्ट कसला? मराठी कॉम्प्युटरात असते."

"सगळ्यांच्या नसते. कुणीतरी टाकली असेल."

तेव्हा आठवलं. इनासकाका. वसईला त्यांचा प्रेस होता. तरुणपणी संध्याकाळी मी तिथे टायपिंग करायचो. पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरसाठी अक्षरं बनवली, कुठल्या कळेवर कुठलं अक्षर हे प्रेसमधल्या टायपिंगसारखंच, त्यांच्या मनाने लावलेलं. हा कॉम्प्युटर घेतला त्या वर्षी त्यांनी पेनड्राइव्ह दिला होता आणि दुकानातल्या मुलाने तो फॉन्ट टाकून दिला होता. पेनड्राइव्ह कुठे आहे देवाला ठाऊक.

ॲरॉन म्हणाला, "नो प्रॉब्लेम. फॉन्ट जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरमध्ये असणार. घरी आलो की जोडतो, दहा मिनिटांचं काम. डिस्क आहे ना?"

मी "आहे" म्हणालो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल सांगितलं, डोकं दुखतंय. आज सांगितलं, कपाटाची चावी सापडत नाही. ॲरॉन म्हणाला, "डॅड, त्या कपाटाला लॉकच नाहीये." मी आंघोळीला गेलो.

मिल्ड्रेडला सगळं माहीत आहे. ती मजा बघतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. तुकडे कॅरिफोर सुपरमार्केटच्या पिशवीत होते, पिशवीच पुढे केली. वाटलं होतं हसेल किंवा ओरडेल. त्याने आत बघितलं, पिशवी बंद केली आणि म्हणाला, "आय टोल्ड यू वन मंथ." एवढंच बोलून आपल्या खोलीत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तरी दुपारी मला घेऊन कॉम्प्युटरच्या बाजारात गेला. डेटा काढून देणाऱ्या माणसाने पिशवीत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खलास." नेटवरून ॲरॉनने पाच-सहा मराठी फॉन्ट उतरवून टाकून बघितले. अक्षरं मराठी आली, पण भलतीच. देवाच्या जागी "खधच". इनासकाकांच्या कळा जगात दुसऱ्या कुणाच्या नाहीत.

आता वीस दिवस राहिले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वसईला फोन केला. इनासकाका जाऊन चार वर्षं झाली. त्यांची मुलगी चांगलं बोलली, पण प्रेस बंद केला तेव्हा मशिनं, कॉम्प्युटर, सगळं भंगारात गेलं. म्हणाली, "बाबांना विचारायला कुणी आलंच नाही हो शेवटी." मी पण गेलो नव्हतो. 

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रॅक्टिसला कुणाला काही सांगितलं नाही. कॅमिला आमच्यात सगळ्यांत जुनी, तिने विचारलं, "पुस्तिका कुठवर आली?" म्हटलं, "होतेय."  इतक्या वर्षांनी "हो" मिळालं आणि ते घालवणारा मी. फादरांना काय सांगू? बत्त्याने फोडली म्हणून?

सगळं पहिल्यापासून टाइप करायचं तर गीतं होतील, कुणाकुणाकडे जुने कागद आहेत. पण प्रार्थना? त्या मी एकदाच लिहिल्या आणि मनातून पुसल्या. आठवायला बसलो तर एक ओळ येते, दुसरी येत नाही. आणि कळफलक तरी कुठला वापरायचा? ॲरॉनने जो मराठी कळफलक चालू करून दिलाय, त्यावर माझी बोटं आंधळ्यासारखी चाचपडतात.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी जे झालं ते नीट लिहितो.

कचऱ्याचं एक पान छापलं होतं. निदान किती नुकसान झालंय ते बघावं म्हणून. टेबलावर पान ठेवून नाश्त्याला बसलो होतो. मिल्ड्रेड समोर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "काय वाचतोस?"

"वाचतोय कुठे? हे वाचता येतं का?"

"मग ओठ कशाला हलतायत? आणि बोटं बघ तुझी."

बघितलं. माझी बोटं टेबलावर चालत होती. डोळ्याला एन दिसला की उजव्या हाताचं बोट आपोआप खाली जात होतं, एस दिसला की डाव्या हाताचं. एन, एस, ओ. द, मात्रा, व. देव. मला वाचता येत नव्हतं, पण बोटांना येत होतं. तरुणपणी इनासकाका मागे उभे राहून डोळ्यांवर रुमाल बांधायचे आणि टाइप करायला लावायचे. तेव्हा शिव्या दिल्या होत्या मी त्यांना मनात.

मोठ्याने वाचलं. अडखळत, टेबल बडवत, अख्खी प्रार्थना वाचली. जे परदेशात एकटे जेवायला बसतात त्यांच्यासाठी म्हणून मी लिहिली होती ती. मिल्ड्रेडने लसूण खाली ठेवला. आम्ही दोघं रडलो, हे पण लिहितो, इथे कोण वाचणार आहे.

मग ती उठून ॲरॉनच्या दारावर थापा मारायला लागली.

१ डिसेंबर, सोमवार

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. बाहेर गाड्यांवर झेंडे, हॉर्न वाजतायत. ॲरॉन आणि मी टेबलावर.

मला वाटलं होतं मी वाचीन आणि कुणीतरी लिहून घेईल. ॲरॉन म्हणाला, "ते केलं तर ईस्टर येईल. तुम्ही मला फक्त एकेक की सांगा. एन म्हणजे काय, एस म्हणजे काय. आय विल मेक अ टेबल. बाकीचं कॉम्प्युटर करेल." त्याने दोन कॉलम आखले. एकात कळ, दुसऱ्यात मराठी अक्षर. कॉम्प्युटर पहिला बघून दुसरा लिहीत जाणार.

तर बसलो. तो इंग्लिश अक्षर म्हणतो, मी डोळे मिटतो, बोट जातं, मी सांगतो. अडचण ही की मी "ध" म्हटलं तरी त्याला ध माहीत नाही. मला कागदावर काढून दाखवावा लागतो, मग तो पडद्यावर शोधतो. "थ आणि ध सेम नाही का?" नाही. "भ आणि म?" नाही रे बाबा, डोकं बघ, भचं डोकं फुटलंय.

दुपारी म्हणाला, "यू नेव्हर टॉट मी धिस."

मी म्हटलं, "वेळ कुठे होता? दोन ड्यूट्या करायचो तेव्हा."

"आय नो," म्हणाला. "आय ॲम जस्ट सेइंग."

म्हटलं, "तू पण कधी विचारलं नाहीस." तो म्हणाला, "आय वॉज सिक्स, डॅड."

मग यल्ला, चल, म्हणून पुढची कळ घेतली.

४ डिसेंबर, गुरुवार

वेलांटीने नाकी नऊ आणले. इनासकाकांच्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. आता कॉम्प्युटरला अक्षर आधी हवं, वेलांटी नंतर. ॲरॉनने उलटं करायचा नियम घातला. बरं चाललं होतं. मग "ख्रिस्त" आला आणि वेलांटी मधल्या र मध्ये अडकून सगळं मोडलं. प्रत्येक पानावर ख्रिस्त मोडलेला. मी म्हटलं, "बाकी काही मोड, ह्याला हात लावू नको!" ॲरॉन टेबलावर डोकं ठेवून हसत सुटला. किती दिवसांनी हसला. मी पण हसलो.

रात्रीच्या जेवणाआधी त्याने पोह्यांचं पाकीट उचललं आणि "पो... हे" असं वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं. मिल्ड्रेडने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मागची बाजू वाच, तिथे कठीण आहे."

७ डिसेंबर, रविवार

ख्रिस्त जुळला. ॲरॉनने बटण दाबलं आणि चौसष्ट पानं मराठीत उभी राहिली. मी एकेक ओळ तपासतोय. शंभरात एखादी चूक. हाताने दुरुस्त करतोय.

एक वाद झाला. ॲरॉन म्हणाला, आता टेबल तयारच आहे, तर इंग्लिश अक्षरांतली कॉपी पण काढता येईल. हेझल अँड ऑल विल कम. मी म्हटलं, नाही. एवढं मरमर करून मराठी परत आणली ती इंग्लिश अक्षरांत घालायला? "माझ्या पुस्तिकेत एक इंग्लिश अक्षर येणार नाही."

त्याने विचारलं, "ते कचऱ्याचं पान पहिल्यांदा बघितलं तेव्हा हाऊ डिड यू फील?"

हा काय प्रश्न आहे? मी सांगितलं, भयंकर वाटलं, आपल्याच प्रार्थना आपल्याला परक्या. तो "ओके" म्हणाला आणि लॅपटॉप बंद करून गेला. मला अजून कळलं नाही त्याला काय हवं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

दिली. पॅरिश ऑफिसच्या बाईने शिक्का मारला आणि पान उलटून म्हणाली, "नाइस फॉन्ट." मी थँक यू म्हटलं.

फादरांनी विचारलं, "यंगस्टर्स येतील ना?" मी म्हटलं, "इन्शाल्ला, फादर." दोघंही हसलो, पण मला आतून माहीत होतं, येणार नाहीत. आलेच तर मागे उभे राहतील.

२१ डिसेंबर, रविवार

शेवटची प्रॅक्टिस. चौदाच. हेझल आली नाही. ॲरॉन रोज कुठेतरी बाहेर असतो, लॅपटॉप घेऊन. विचारलं तर "फ्रेंड्स." नाताळ तोंडावर आला तरी घरात कुणाला कशाची शुद्ध नाही. मिल्ड्रेड एकटी करंज्या करते.

२५ डिसेंबर, गुरुवार

मिस्सा झाली. आत्ताच घरी आलो, बूट पण काढले नाहीत.

हॉल भरला होता. अबू धाबीहून, शारजाहून वसईची माणसं आली होती, पुस्तिका कमी पडल्या. मी क्वायरसमोर उभा राहिलो, हात वर केले आणि सहज मागे नजर गेली. मागच्या भिंतीला टेकून पोरं उभी. तीस असतील, चाळीस असतील. मध्ये हेझल, तिच्या बाजूला ॲरॉन. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. माझं डोकंच सटकलं. एवढ्या वर्षांनी मिळालेली नाताळची मिस्सा, आणि ह्यांचं व्हॉट्सॲप चालू. मनात म्हटलं, संपू दे, एकेकाला बघतो.

पहिलं कडवं आमचं आम्ही गायलो. दुसऱ्या कडव्याला मोठा आवाज आला. मला वाटलं स्पीकरमध्ये काही झालं. कॅमिलाने गाता गाता हनुवटीने खूण केली, मागे बघ.

पोरं गात होती. मोबाइलमध्ये बघून, एका सुरात, मराठीत. आणि काय गात होती! बाल येशू. कालोख. नाताल. ज्या ळसाठी मी आयुष्यभर लोकांशी भांडलो, तो ळ माझ्यादेखत चाळीस तोंडांनी एका वेळी मोडला. हॉलचं छप्पर उडेल इतक्या जोरात मोडला. मला हात खाली घ्यायचा धीर झाला नाही. चष्मा ओला झाला होता, पुढचं कडवं दिसत नव्हतं, तसाच हात हलवत राहिलो. पुढे विश्वासूंच्या प्रार्थनांत ती परदेशात एकटं जेवणाऱ्यांची आली, तेव्हा मागून सगळ्यांनी मिळून "प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं. त्यात ळ नाही. ते त्यांनी अगदी बरोबर म्हटलं.

बाहेर पार्किंगमध्ये ॲरॉनला गाठलं. म्हटलं, "कुठून आलं हे?"

"सेम टेबल, डॅड. वन मोअर कॉलम टाकला."

"मी नाही म्हणालो होतो."

"पुस्तिकेत नाही म्हणाला होतात. पुस्तिकेत नाहीये." मग म्हणाला, "रागावलात?"

 त्याचा दंड धरला. म्हटलं, "ळ चुकतो तुमचा सगळ्यांचा."

"वी नो," हेझल मागून म्हणाली. "इंग्लिशमध्ये ते लेटरच नाहीये, अंकल. यू हॅव टू शो अस."

मग मी तिथेच तोंड उघडलं आणि जीभ मागे वळवून टाळूला कुठे लावायची ते बोटाने दाखवलं. हेझलने केलं, ॲरॉनने केलं, आणखी सात-आठ पोरं गोळा झाली. सगळी नव्या कपड्यांत, तोंडं वासून उभी. एक गाडीवाला हॉर्न मारायला लागला, आम्ही त्याच्या वाटेत होतो. आम्ही थोडे बाजूला सरकलो आणि मी म्हटलं, परत. बाळ.